शॉकअप : वहीतला आणि पिकअपखालचा

व्हायब्रेशनच्या पेपरात मला बरे मार्क पडले होते. स्प्रिंग, मास आणि डॅशपॉटची ती आकृती मी झोपेतही काढून दाखवली असती. पण डॅशपॉट म्हणजे गाडीखाली चिखलाने माखलेलं एक नळकांडं असतं, आणि ते काढायला अर्धा दिवस जातो, हे मला मामांच्या पिकअपखाली उताणा पडल्यावर कळलं.

मामा सासवडजवळ राहतात. त्यांची बोलेरो पिकअप आहे. हंगामात पुरंदरचे अंजीर आणि नंतर सीताफळं घेऊन ती पहाटे दिवे घाट उतरून मार्केट यार्डात येते. एका रविवारी संध्याकाळी मामा मला हॉस्टेलवर सोडायला निघाले. मागे फक्त माझी ट्रंक आणि गादी. घाटात एका वळणाआधी रस्ता उखडलेला होता. तिथे मामांनी ब्रेक दाबला आणि गाडीचं मागचं अंग थडथड करत चक्क बाजूला सरकलं. कठड्यापासून आम्ही बरेच लांब होतो, पण वडकीपर्यंत दोघंही काही बोललो नाही. मग मामाच म्हणाले, "अंजीर पण हल्ली डागी निघतायत. व्यापारी भाव पाडतो. मला वाटलं, तोडणारीच पोरं निष्काळजी आहेत."

पोरांचा दोष नव्हता. पुढच्या शनिवारी मी गाडीखाली वाकून बघितलं, तर मागचा डावा शॉकअप वरपासून खालपर्यंत तेलकट होता आणि त्यावर धुळीचा थर बसला होता. टायरवर तळवा फिरवला तर रबर सपाट लागेना, लाटा लागत होत्या. चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारत असलं की टायर असा जागोजागी झिजतो.

इथे एक गंमत सांगतो. गाडीचा कोपरा दाबून सोडायचा आणि ती किती वेळा हलते ते मोजायचं, ही परीक्षा सगळ्यांना माहीत असते. कारला ती थोडीफार चालते, पण पिकअपला मागे पाटे असतात. पाटे कडक, त्यात एकमेकांवर घासतात, आणि ते घासणंच एक प्रकारचं डॅम्पिंग असतं. आम्ही दोघांनी मिळून दाबलं तरी गाडी ढिम्म! म्हणजे शॉकअप ठीक असा निष्कर्ष काढला असता तर फसलो असतो. त्याऐवजी मामा सासवडला एक चक्कर मारून आले आणि मी दोन्ही शॉकअपना हात लावून बघितला (सायलेन्सरपासून हात जपून). उजवा थोडा कोमट होता, डावा थंडगार.

असं का, हे आता वहीतून सांगता येईल. आत तेलात एक पिस्टन असतो आणि त्याला बारीक भोकं व व्हॉल्व्ह. चाक वर-खाली झालं की तेल त्या भोकांतून दाबून जातं आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते. काम करणारा शॉकअप म्हणून तापतो. थंड राहिलेला नुसता लटकलेला असतो. दांड्यावर चिखल-खडी घासून ओरखडे पडतात, ते सील कापतात, तेल गळतं, आणि उरलेल्या तेलात हवा शिरून फेस होतो. फेस तेलासारखा अडवत नाही.

डॅम्पिंग रेशो म्हणजे c भागिले 2√(km), हे आपण घोकलेलं असतं. आता मागच्या पाट्यांवर रिकाम्या गाडीचं 400 किलो येतं असं सोयीसाठी धरा, आणि भरल्यावर 1600. वस्तुमान चौपट, म्हणजे नैसर्गिक कंपनसंख्या निम्मी आणि डॅम्पिंग रेशोही निम्मा. भरलेल्या गाडीत थकलेला शॉकअप आणखीच तोकडा पडतो. गाडी डुलत राहते आणि अंजिराचे थर एकमेकांवर घासत राहतात. रिकाम्या गाडीची गोष्ट वेगळी. तिथे जड ॲक्सल आणि चाकं टायरच्याच स्प्रिंगवर नाचतात, आणि त्यांना दाबून धरायला वर वजन नसतं. चाक हवेत असेल त्या क्षणी ब्रेकचा उपयोग शून्य. घाटातली ती थडथड हीच होती. एकाच दोषाने भरल्या गाडीत माल खराब केला आणि रिकाम्या गाडीत आमचे प्राण कंठाशी आणले.

बदलायचे तर जोडीनेच, दोन्ही बाजूंचे. एक नवा, एक जुना ठेवला तर गाडी दोन बाजूंना दोन तऱ्हेने वागणार. जोडी नाना पेठेतून आणली. जुन्याची पूर्ण उघडल्यावरची आणि पूर्ण मिटल्यावरची लांबी, तसंच बुशच्या भोकाचा व्यास जुळवून घेतला. शॉकअपच्या बाबतीत पुणेकरांना लांब जावं लागत नाही म्हणा. 1961 साली सुरू झालेल्या गॅब्रिएल इंडियाचा कारखाना इथे चाकणलाच आहे.

आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. सकाळी सपाट फरशीवर गाडी घेतली, हॅन्डब्रेक ओढला, गिअर टाकला, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावले. जॅकने चॅसिस उचलली आणि खाली स्टँड दिले. मामा म्हणाले, "जॅक आहे की, स्टँड कशाला?" मी म्हटलं, "मामा, जॅकमध्येही तेल आणि सीलच असतं. शॉकअपचं सील गेलं तर गाडी उडते. जॅकचं गेलं तर गाडी माझ्यावर बसेल." मामांनी शेजाऱ्याकडून आणखी एक स्टँड आणला.

डाव्या बाजूचा खालचा नट रिंग पान्याने सुटला, वरचा सुटेना. पाना आणि वर पाईप घातल्यावर एकदाचा कुरकुरला. नट निघाला तरी खालचा बोल्ट हलेना. हातोडी मारून मारून खांदे भरून आले. मग ट्यूब पेटली. चॅसिस उचलल्यामुळे ॲक्सल खाली लोंबत होता आणि शॉकअपच त्याला धरून होता. सगळा भार त्या बोल्टवर! जॅक ॲक्सलखाली नेऊन बोटभर उचलला, तर बोल्ट हाताने बाहेर आला.

काढलेला शॉकअप उभा धरून दाबला-ओढला. मध्ये तीन-चार बोटं काही अडवतच नव्हतं, सायकलच्या फाटक्या पंपासारखं. नवा मात्र ओढताना जड आणि दाबताना त्यामानाने हलका लागला. तो बिघाड नाही. दाबताना पाटे स्वतः विरोध करतच असतात. परत उसळताना त्यांनी साठवलेली ऊर्जा शॉकअपला एकट्याने जिरवायची असते. नवा बसवण्याआधी तो उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्यावा. दुकानात आडवा पडून आत हवा सरकलेली असते, ती वर जाते.

मग माझी चूक झाली. गाडी वर असतानाच मी नट पक्के आवळले. खाली उतरवल्यावर शॉकअपचा कोन बदलला आणि आतलं रबरी बुश पिळलेलं राहिलं. असं पिळलेलं बुश लवकर फाटतं. सगळं पुन्हा ढिलं करून, गाडी चाकांवर उभी असताना, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळलं. तेव्हा लक्षात आलं की पिकअप मुळातच उंच असते. उजव्या बाजूला आम्ही जॅक लावलाच नाही. ठोकळे होतेच, मी सरळ खाली शिरलो. ना बोल्ट अडकला, ना बुश पिळलं. डाव्या बाजूला तीन तास, उजव्या बाजूला पाऊण!

जुने दोन्ही भंगारवाल्याला दिले. आत दाबलेला गॅस असू शकतो, म्हणून ते कापायच्या किंवा भोक पाडायच्या भानगडीत पडलो नाही.

सोमवारी पहाटे माल भरून मामांबरोबरच पुण्याला आलो. त्या वळणावर त्यांनी मुद्दाम जरा आधीच ब्रेक दाबला. गाडी सरळ राहिली. हडपसरला चहाला थांबलो, तर मी खिशातून हात काढायच्या आत मामाच चाकाशी वाकले होते.

"दोन्ही कोमट आहेत रे," ते म्हणाले.