क्लॉकचं लिहायचंय ना? मग ऐक

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस की यू-बूट या बूटलोडरमध्ये कोड लिहायची हिंमत होत नाही, म्हणून सध्या त्याच्या क्लॉक इंटरफेसचं नुसतं डॉक्युमेंटेशन करते. त्या ‘नुसतं’वर मला बोलायचंय. कॉलेजात आपल्याला कोडचे मार्क मिळाले, कॉमेंटचे कोणी दिले नाहीत, म्हणून ते काम दुय्यम वाटतं. शिवाय ग्रुपमध्ये एक मुलगी असली की ‘तुझं अक्षर चांगलंय, तू लिही’ म्हणत तेच तिच्या गळ्यात मारतात, हेही मला ठाऊक आहे. पण क्लॉकचा इंटरफेस लिहून काढणं हे जर्नल उतरवण्यातलं काम नाही गं.

बोर्डला पॉवर दिली की आधी चिपमधला रॉम चालतो. तो यू-बूटचा एसपीएल नावाचा छोटा तुकडा चिपच्या आतल्या मेमरीत आणतो. बाहेरची डीरॅम तेव्हा चालूसुद्धा नसते. तिला ठोके देणारा क्लॉक हवा, एसडी कार्डाला हवा, सिरियल पोर्टला हवा, आणि हे बहुतेक क्लॉक एकाच क्रिस्टलमधून निघतात. बीगलबोन ब्लॅक या बोर्डवर तो क्रिस्टल २४ मेगाहर्ट्झचा आहे. पीएलएल ती गती वाढवतो, डिव्हायडर कमी करतात, गेट सोडतात किंवा अडवतात. आपल्याकडच्या कालव्याचंच रूप बघ: मुख्य कालवा, वितरिका, मग चारी. वरचं गेट कोणी पाडलं तर खालच्या शेताला पत्ताही लागत नाही, पाणी आलं नाही एवढंच कळतं.

आता आकडे घाल. बीगलबोनच्या सिरियल पोर्टला ४८ मेगाहर्ट्झ मिळतात. ११५२०० बॉड हवा असेल तर ४ कोटी ८० लाखांना १६ गुणिले ११५२०० ने भागायचं, येतात साधारण २६. पण क्लॉकच्या फंक्शनने चुकून २४ मेगाहर्ट्झ सांगितले, तर भाजक १३ बसेल, पोर्ट दुप्पट वेगाने बोलेल आणि स्क्रीनवर नुसती गिचमिड दिसेल. बरं, तक्रार छापायचं साधनही तेच पोर्ट! म्हणून गती विचारणाऱ्या फंक्शनवर ‘क्लॉकची गती परत देते’ एवढंच लिहून मोकळी होऊ नकोस. ते तर नावावरूनच कळतं. हर्ट्झमध्ये देते की किलोहर्ट्झमध्ये? क्लॉक वैधच नसेल तर काय? ड्रायव्हरमध्ये ती सोयच नसेल तर?

यू-बूटमध्ये याची उत्तरं मजेशीर आहेत. क्लॉक वैध नसेल तर शून्य येतं, आणि त्या शून्याने कोणी भागायला गेलं की संपलंच. सोय नसेल तर उणे ३८ हा एरर नंबर येतो. पण परत येणारी संख्या बिनचिन्हाची आहे, त्यामुळे ३२ बिटच्या चिपवर ती ४२९४९६७२५८ अशी दिसते. न तपासता वापरणाऱ्याला वाटेल, वा, सव्वाचार गिगाहर्ट्झचा क्लॉक मिळाला! तुझी एक ओळ तिथे असली तर कोणाचे तरी दोन दिवस वाचतात.

लिनक्सवरून आलेल्या माणसासाठी तर वेगळंच लिहायला हवं. लिनक्समध्ये गती बसवणारं फंक्शन जमलं की शून्य देतं. यू-बूटचं त्याच नावाचं फंक्शन नवी गती परत देतं. सवयीने ‘शून्य नाही म्हणजे चूक’ असं लिहिलंस, तर सगळं नीट झालेलं असताना तुझा ड्रायव्हर हात वर करून बाहेर पडेल. आणि बंद करणाऱ्या फंक्शनचं विसरू नकोस. तोच क्लॉक दुसऱ्या उपकरणालाही जात असेल तर? २०१९ मध्ये लिनक्सवरून आणलेलं कॉमन क्लॉक फ्रेमवर्क एक क्लॉक किती जणांनी चालू केला याची मोजणी ठेवतं. तो पर्याय घेतलेला नसेल तर सगळी भिस्त ड्रायव्हरवर. हे मला तरी कॉमेंटमध्ये लिहिलेलंच बरं वाटतं, गृहीत धरायला ठेवू नये.

लिहिण्याआधी मात्र तीन-चार ड्रायव्हर उघडून वाच, बाप्पा. हेडरमध्ये एक लिहिलेलं आणि ड्रायव्हर दुसरंच करतोय असं सापडलं की कॉमेंट गोडगोड करून झाकू नकोस. सरळ विचार, चूक कशात आहे ते. इंटरफेसला दोन हेडर आहेत, एक वापरणाऱ्यासाठी, एक ड्रायव्हर लिहिणाऱ्यासाठी. दुसरं जास्त नीट वाच, खरे प्रश्न तिथे आहेत.

बोर्ड नाही ही सबब मला सांगू नकोस. यू-बूटचा सँडबॉक्स साध्या लिनक्स लॅपटॉपवर प्रोग्रामसारखा चालतो, त्यात खोटे क्लॉक आहेत आणि त्यांच्या चाचण्याही. तुमच्या नांदुऱ्यात लाइन गेली तरी बॅटरी आहे तोवर तुझं काम अडत नाही. सी-डॅकच्या एम्बेडेड डिप्लोमाचं मनात आहे ना तुझ्या? त्याच्या प्रवेश परीक्षेचा, सी-कॅटचा, अभ्यास सांभाळून संध्याकाळी एक फंक्शन घे. शून्य आणि उणे ३८ दोन्ही स्वतः घडवून बघ, मग लिही.

इंग्रजीची धास्ती कशाला? प्रकल्पाला २००२ मध्ये यू-बूट हे नाव मिळालं, तो चालवणारे वोल्फगांग डेंक जर्मन होते. छोटी वाक्यं लिही. पॅरामीटर आधी, परत येणारी किंमत शेवटी, कर्नेल-डॉकच्या ठरलेल्या साच्यात. एचटीएमएल बिल्ड करून बघ, साचा चुकला तर वॉर्निंग येते. पॅच तपासायची स्क्रिप्ट चालव, कोणाला पाठवायचा ते मेंटेनर शोधणारी स्क्रिप्ट सांगेल. साइन्ड-ऑफ-बायची ओळ विसरलीस तर पॅच परत येईल.

मेंटेनरचं उत्तर रोखठोक येईल कधी. ‘हे फंक्शन असं करत नाही’ एवढंच. त्यात ना नमस्कार ना चमत्कार, पण त्याला राग नसतो, वेळ नसतो. पुन्हा कोड उघड, तो म्हणतो ते खरं असलं तर दुसरी आवृत्ती पाठव. तूच बरोबर असलीस तर फाइल आणि ओळ दाखवून तसं लिही. आणि पहिला पॅच मोठा करू नकोस, गती विचारणारं ते एकच फंक्शन पुरे.