टिन घेताना भावाआधी वजन विचारा



मागच्या उन्हाळ्यात एका गटाच्या बैठकीला गेले. आदल्या संध्याकाळी वादळ येऊन गेलं होतं. एका ताईंच्या घरावरचे टिन वाकून अंगणात पडले होते. "टिन तर नवेच होते ना मॅडम, मग उडले कसे?" त्यांनी विचारलं. छपरासाठी त्यांनी गटातून कर्ज घेतलं होतं आणि निम्मे हप्ते अजून बाकी होते. कर्ज मंजूर झालं त्या बैठकीत मीही होते. हप्ता किती, मुदत किती, एवढंच मी विचारलं. टिन कोणतं घेणार, कसं बसवणार, हे विचारलंच नाही. ती माझी चूक. म्हणून या महिन्याचा पाठ छपराचा.

आपल्या नागभीड भागात कवेलूची घरं कमी होत चालली आहेत. माकडं कवेलू फोडतात, दरवर्षी फेरून घ्यावे लागतात, फेरणारा माणूस मिळत नाही. मग टिन येतं. पण आपल्याकडचं छप्पर तीन प्रकारचा मार खातं. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्याच दिवसांत अवकाळी वादळ आणि गारा येतात. मग धानाचा पावसाळा. तिन्ही सोसेल असं छप्पर हवं.

१. जाडी

दुकानात "गेज" सांगतात. लक्षात ठेवा, गेजचा आकडा वाढला की टिन पातळ होतं. २८ गेजपेक्षा २४ गेजचं टिन जाड. म्हणून जाडी मिलिमीटरमध्येच विचारा, आणि ती रंग-मुलामा धरून की नुसत्या लोखंडाची, हेही विचारा.

तोंडी सांगण्यावर विसंबू नका, काटा वापरा. चार फुटी सपाट पत्र्यापासून बनवलेलं १० फूट लांबीचं टिन (नाळ्या पाडल्यावर रुंदी साधारण साडेतीन फूट भरते) ०.३५ मिमी जाडीचं असेल तर सुमारे १० किलो भरतं. ०.४५ मिमीचं सुमारे १३ किलो आणि ०.५० मिमीचं साडेचौदा किलो. "०.५०" सांगून दिलेलं टिन ११ किलो भरलं, तर समजून जा. दोन दुकानांचे भाव पाहतानाही किमतीला वजनाने भागा. किलोचा दर निघाला की स्वस्त काय, महाग काय, ते कळतं.

२. मुलामा

लोखंड गंजतं. त्याला वाचवतो तो वरचा जस्ताचा मुलामा. तो जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरवर दोन्ही बाजूंचं मिळून किती ग्रॅम जस्त आहे ते. १२० जीएसएमपेक्षा २७५ जीएसएमचं टिन गंजाला जास्त काळ दाद देत नाही. काही पत्र्यांवर ॲल्युमिनियम आणि जस्त एकत्र असतं, त्याला गॅल्व्हल्यूम म्हणतात. पत्र्यावर कंपनीचं नाव, जाडी आणि मुलामा छापलेला असतो. तो वाचा, फोटो काढा आणि पक्क्या बिलावर लिहून घ्या.

चांगलं टिनही आपल्या हाताने खराब होतं:
- आणलेले टिन एकावर एक ओले ठेवू नका, पांढरी बुरशीसारखी गंज चढते. कोरड्या जागी तिरपे उभे ठेवा.
- ग्राइंडरने कापताना ठिणग्यांनी मुलामा जळतो, तिथूनच गंज सुरू होते. कात्रीने कापून घ्या.
- झाडाचा पालापाचोळा छपरावर साचू देऊ नका.
- गोठ्यातल्या मुताच्या वाफेने टिन लवकर गंजतं. गोठ्याला वरून हवा जायला जागा ठेवा.

३. बांधणी

ताईंचे टिन उडाले ते इथे. टिनावर दगड ठेवले होते आणि मोजकेच खिळे मारले होते. वारा छपरावरून जाताना टिन वर खेचतो, आणि उघड्या ओसरीतून आत शिरलेला वारा खालून ढकलतो. दगड ते थांबवू शकत नाही, उलट कोणाच्या डोक्यात पडतो.

मिस्त्रीकडून हे करून घ्या:
- खिळ्याऐवजी रबरी वायसरचे स्क्रू किंवा हुक-बोल्ट वापरा. ते नाळीच्या उंचवट्यावर बसवा. खोलगट भागातून पाणी वाहतं, तिथे भोक पाडलं की गळतं.
- मधल्या फाट्यांवर एकाआड एक उंचवट्याला स्क्रू. वळचण, आढं आणि दोन्ही कडांना प्रत्येक उंचवट्याला. वारा आधी कडेलाच धरतो.
- दोन फाट्यांमध्ये ३ ते ४ फुटांपेक्षा जास्त अंतर नको. फाटे किंवा पाइप भिंतीत पक्के गाडलेले हवेत, नाहीतर सांगाड्यासकट छप्पर उठतं.
- भिंतीबाहेर वळचण दीड फुटापेक्षा जास्त काढू नका.
- विजेची तार टिनाला कुठेही घासू देऊ नका. टिनात करंट उतरला तर जीव जातो.

उन्हाचं काय?

गडद रंगाचं टिन जास्त तापतं. घेतानाच पांढरं किंवा फिकट घ्या. जुन्या टिनाला ऊन परतवणारा पांढरा रंग देता येतो. शेजारच्या तेलंगणा राज्याने तर २०२३ मध्ये अशा थंड छपरांसाठी धोरणच आणलं. टिनाखाली फूटभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्याचं माळवद करा आणि भिंतीत वर झरोके ठेवा, म्हणजे गरम हवा बाहेर जाते. तट्टा चुलीच्या वर मात्र नको.

एवढं करूनही नुकसान झालं, तर आवरायच्या आधी फोटो काढा आणि लगेच तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या.

त्या ताईंचं छप्पर पुन्हा उभं राहिलं. या वेळी टिन विकत घ्यायला गटातल्या तिघी सोबत गेल्या आणि दुकानातच वजन करून घेतलं.

बैठकीत चर्चा करा

१. आपल्या घराच्या टिनाला खिळे आहेत की स्क्रू? आतून पाहा, वर चढू नका.
२. यंदा गटातल्या किती जणी टिन घेणार आहेत? एकत्र घेतलं तर भाव आणि गाडीभाडं कमी होईल का?
३. घरदुरुस्तीचं कर्ज देताना जाडी, मुलामा आणि बांधणी, हे तीन प्रश्न विचारायचे, असा ठराव आपण घ्यायचा का?

हे प्रश्न विचारण्यात अविश्वास नाही. हप्ते फिटेपर्यंत तरी छप्पर डोक्यावर राहावं, एवढंच.

तुमची,
क्षेत्र समन्वयक