तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका

पॉलिसी गळ्यात मारताना घरी चहा पिऊन गेलेला एजंट क्लेमच्या वेळी फोन उचलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर मी शब्द खर्च करत नाही. कंपनीच्या कार्यालयात काय झालं, ते मात्र आमच्या पुण्याच्या धायरीतल्या आणि बाहेरच्याही प्रत्येक आईबापाला कळायला हवं.

माझ्या ऑटिझम असलेल्या मुलाच्या ऑक्युपेशनल थेरपीची (ओटी) आणि स्पीच थेरपीची बिलं दिली होती. साहेबांनी फाइल उघडायच्या आतच सांगितलं, "मॅडम, हे जन्मजात आहे. त्यात ॲडमिशन पण नाही. बसत नाही." मी 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं 21 वं कलम छापून नेलं होतं. शारीरिक आजाराला ज्या तत्त्वावर विमा, त्याच तत्त्वावर मानसिक आजारालाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "पण ऑटिझम मानसिक आजार नाहीच ना. ते दिव्यांगत्व आहे."

तेव्हा मला सगळा खेळ कळला. बिल नाकारायचं तेव्हा जन्मजात आजार आणि कायदा पुढे केला की दिव्यांगत्व! बरं, दिव्यांगत्व म्हणा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, आणि त्याच कायद्याचं 24 वं कलम सर्वंकष विमा योजनेचं बोलतं. "ते सरकारला विचारा," म्हणून त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. आवाज जराही चढवला नाही. तेच अजून झोंबतंय.

अमेरिकेत इंडियाना राज्याने 2001 मध्येच विमा कंपन्यांवर ऑटिझमच्या उपचारांचं बंधन घातलं. 2019 पर्यंत पन्नासही राज्यांत तशी तरतूद झाली. आपल्या विधिमंडळाने असा कायदा केलेला नाही. 2022 मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातं झालं, पण आठवड्याच्या सेशनचे पैसे आजही घरातूनच जातात.

म्हणून सांगते, तोंडी नकार ऐकून उठू नका. कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, पोच घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही. पॉलिसी घेताना माहितीपत्रकावर जाऊ नका, नियमांची पूर्ण पुस्तिका मागा आणि त्यात 'बाह्यरुग्ण' आणि 'जन्मजात' हे दोन शब्द शोधा. मुलाचं निदान अर्जात लिहाच. एजंट "कशाला लिहिताय" म्हणाला, तर त्याला दार दाखवा.

दिव्यांग प्रमाणपत्र आधी काढा. ऑटिझमची चाचणी 'इसा' मोजपट्टीवर होते. प्रमाणपत्र हातात आलं की राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत नाव घाला. 1999 च्या कायद्याने हा न्यास झाला आणि ऑटिझम त्याच्या कक्षेत आहे. वर्षाला 1 लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि मुख्य म्हणजे थेरपीही धरतात. थेरपीची मर्यादा मात्र वेगळी आणि तोकडी आहे. नोंदणी न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होते. पैसे आधी आपण भरायचे, मग परतावा. स्पीचच्या बिलावर भारतीय पुनर्वसन परिषदेचा आणि ओटीच्या बिलावर राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक पहिल्या दिवसापासून लिहून घ्या. सेंटरवाले नंतर जुनी बिलं बदलून देताना फार कुरकुर करतात.

प्राप्तिकराची जुनी पद्धत घेतली असेल, तर दिव्यांग मुलासाठी 75 हजारांची वजावट आहे, 80 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची. कागदपत्रं जपून ठेवा, झेरॉक्स काढून ठेवा, हे काय वेगळं सांगायचं. आणि निरामयचं नूतनीकरण 31 मार्चच्या आत करा. मार्चअखेरीस त्या संस्थांतही गर्दी असते, फेब्रुवारीतच जा.