नाताळची रंगरंगोटी आणि सांडलेला चुना

भाताची मळणी उरकली आणि आगमनकाळ लागला की घराघरांत रंगरंगोटीची घाई सुरू होते. कुणी चुन्याची सफेदी करतो, कुणी पुट्टीच्या पिशव्या आणून भिंती गुळगुळीत करून घेतो. भिंती उजळतात, पण फरशीवर, सतरंजीवर आणि चौकटींवर पांढरे शिंतोडे उरतात. ते घाईने काढताना फरशी बिघडते आणि क्वचित डोळ्यालाही इजा होते. म्हणून या वेळी आपण या साफसफाईचा विचार करू.

प्रथम सांडले काय, ते ओळखावे. चुन्याची निवळी वाळताना हवेतील कार्बन डाय ऑक्साइड शोषून घेते व पुन्हा दगडासारखी होते. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेला जिप्सम. तो पाणी लागताच थोड्या वेळात घट्ट बसतो. पिशवीतून येणाऱ्या पुट्टीत बहुधा पांढरे सिमेंट असते. ती एकदा कडक झाली की पाण्यात विरघळत नाही. तिन्हींना नियम एकच: फरशीवर पडलेले ओले असतानाच पुसावे. त्याहून बरे म्हणजे काम सुरू होण्यापूर्वीच खाली जुने गोणपाट अंथरावे.

फरशी : आपल्याकडे शहाबादी आणि कडप्प्याच्या फरश्या पुष्कळ. डाग दिसला की लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचे ॲसिड ओतण्याची अनेकांना सवय असते. हे मुळीच करू नये. हे दगड चुनखडीचेच आहेत. जे आम्ल चुना खाते, तेच फरशीही खाते आणि तिची चकाकी कायमची जाते. संगमरवर व मोझॅक यांनाही हेच लागू. वाळलेल्या डागावर ओले फडके अर्धा तास ठेवावे, मग लाकडी पट्टीने किंवा करवंटीच्या कडेने हलकेच खरवडावे आणि दोनतीनदा स्वच्छ पाण्याने पुसावे. चिनी मातीच्या चकचकीत टाइल्सवरील चुन्याचा पातळ थर मात्र पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने निघतो. तो लगेच धुऊन टाकावा. प्लास्टर ऑफ पॅरिसवर व्हिनेगरचा उपयोग होत नाही, ते खरवडूनच काढावे. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

सतरंजी व गालिचा : येथे ओला गोळा चोळू नये, तो धाग्यांत आत जातो. चमच्याने अलगद उचलावा व उरलेले ओल्या फडक्याने टिपून घ्यावे. तरीही राहिलेले पूर्ण वाळू द्यावे, बोटांनी चुरावे, सतरंजी उलटी करून अंगणात झटकावी आणि ब्रशने झाडावी. शेवटी कोमट पाणी व साध्या साबणाने पुसावी. घोंगडी लोकरीची असल्याने तिला सोडा व कढत पाणी लावू नये. वेदीपुढील गालिच्यालाही हीच रीत लागू पडते.

धूळ : पॉलिश पेपरने भिंत घासली की बारीक धूळ उडते. ती कोरड्या केरसुणीने झाडली तर घरभर पसरते व छातीत जाते. नाकातोंडावर मास्क बांधावा आणि ओल्या पोतेऱ्याने धूळ टिपावी. जुना ऑइलपेंट खरवडताना अधिक जपावे. घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा घालणारा नियम आपल्या देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. असा रंग कोरडा घासू नये. मुलांना व गरोदर स्त्रियांना तेथून दूर ठेवावे.

डोळे : सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही. चुना किंवा सिमेंट डोळ्यात गेले तर ते बुबुळ जाळत आत शिरते. उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते. डोळा चोळू नये. तूप, दूध, मध, गुलाबपाणी काहीही घालू नये. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार निदान 20 मिनिटे सोडावी आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावे. दुखणे थांबले तरी दाखवावेच. चुना भिजवताना तो उकळतो व उडतो. तेव्हा मुलांना जवळ येऊ देऊ नये.

उरलेला माल मोरीत ओतू नये; तो नळीत बसून घट्ट होतो. बादली रात्रभर स्थिर ठेवावी, गाळ वाळवून विहिरीपासून व गुरांच्या पाण्यापासून दूर पुरावा. खरवडलेला जुना रंग शेतात किंवा खतात मुळीच टाकू नये. लेवीयच्या 14व्या अध्यायात दूषित घराच्या भिंती खरवडून तो चुरा गावाबाहेर टाकण्याची आज्ञा आहे. आपली घाण दुसऱ्याच्या पाण्यात जाऊ न देणे, हाही शेजारधर्मच.

प्रभूच्या स्वागतासाठी घर उजळावे. पण त्या घरातील प्रत्येक डोळा नाताळचा तारा पाहण्यास शाबूत राहावा, हीच आमची प्रार्थना.