आजीनं दिलेलं बिस्कीट

सूनबाई, पोट्टं घोरतं म्हणून ऑपरेशनची घाई नको. घोरायला लावणारं नाकामागचं मांस सगळ्याच लेकरांना असतं. तीन ते सात वर्षांच्या वयात फुगतं, पुढे आपसूक आटतं. म्हणून डॉक्टर बहुधा आधी नाकातला फवारा देतात. तो रोज मार, दोन दिवसांत गुण नाही म्हणून सोडू नको. मात्र झोपेत श्वास अडकून दचकून उठत असेल, तर वाट पाहू नको.

कानाकडे बघ. त्या मांसानं कानाची नळी बंद होते, पडद्यामागे पाणी साचतं, आणि पोट्टं शाळेत ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी खातं. सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्यात जा की सावंगीच्या, कान तपासूनच ये. पाणी दिसलं, तर एकाच भुलीत मांस आणि कानातलं पाणी, दोन्ही काढायची कामं होतात. तेल मात्र घालू नको कानात, कोणी कितीही सांगो.

आता ऑपरेशन ठरलंच, तर आपल्या विदर्भाचं. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी झालेली नसेल तर भूल देण्याआधी करून घे, नात्यात कोणाला असेल तर न विचारता सांग. त्यात लपवण्यासारखं काही नाही, बाप्पा. सिकलसेलच्या लेकराचं अंग कोरडं पडणं, गारठणं धोक्याचं. सलाईन, ऑक्सिजन सगळं त्या हिशेबानं ठेवतात. हलणारा दात, रक्त लवकर न थांबण्याचा घरातला त्रास, कालचा ताप, हेही बोलून टाक.

उपाशी ठेवायचं म्हणजे उपाशीच. जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी डॉक्टर सांगतील तोवर, बहुधा दोन तास आधीपर्यंत. भुलीत पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं. खरी भीती आम्हा आज्यांचीच: लेकरू रडलं की पदराआडून बिस्कीट निघतं. त्या सकाळी मला घरीच ठेव. खाल्लंच काही, तर डॉक्टरांना सांग. ऑपरेशन पुढे जाईल, जाऊ दे. उन्हाळ्याच्या सुट्टीत करणार असशील तर सकाळचा पहिला नंबर माग, वर्ध्याच्या उन्हात तहानेलं लेकरू हाल करून घेतं.

ऑपरेशन बहुधा तोंडातून होतं, बाहेर टाका नाही. पहिल्या रात्री जागी राहा. झोपेत सारखं गिळत असेल तर नाकातून काही दिसत नसलं तरी सिस्टरला उठव. रक्त आत जात असतं. घरी गेल्यावरही लाल रक्त दिसलं तर थेट दवाखाना. दुखण्याची गोळी डॉक्टरांनीच दिलेली, ॲस्पिरिन नाही.

मऊ खिचडी, वरणभात चालतो. आठवडाभर नाक जोरात शिंकरू देऊ नको. तोंडाला वास येईल, आवाज थोडा नाकातला होईल. त्यानं घाबरू नको. पाणी पिताना नाकातून येत राहिलं, तर मात्र पुन्हा दाखव.