शेवटचा सेक्टर कोणाचा?

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांना धरा. विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या खिशातला आहे: पेन ड्राइव्ह.

माझा ८ जीबीचा पेन ड्राइव्ह रूमवरच्या लिनक्स मशीनला लावला की अडकायचा. ३० सेकंद शांतता, मग रीसेट, मग परत ३० सेकंद. विंडोजवर मात्र स्वारी मजेत चालायची. म्हणजे ड्राइव्ह मेलेला नव्हता.

लिनक्समध्ये हे काम यूएसबी-स्टोरेज नावाचा ड्रायव्हर बघतो. तो ३१ बाइटच्या पाकिटातून हुकूम पाठवतो, मग डेटाची ने-आण होते आणि शेवटी ड्राइव्हकडून १३ बाइटची पोच येते. अगदी सुरुवातीला जे हुकूम जातात त्यातला एक म्हणजे 'रीड कॅपॅसिटी'. याच्या उत्तरात ड्राइव्हने एकूण सेक्टर किती हे सांगायचं नसतं, शेवटच्या सेक्टरचा नंबर सांगायचा असतो. मोजणी शून्यापासून. आपल्या हॉस्टेलचंच घ्या ना. तळमजला धरून चार मजले, पण वॉचमनकाकांना विचारलं "शेवटचा मजला कितवा?" तर ते "तिसरा" म्हणतात. कर्नल त्यात १ मिळवून एकूण काढतो.

काही ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये इथेच गडबड असते. माझ्या ड्राइव्हमध्ये सेक्टर १,५७,२८,६४०. त्याने सांगायला हवं होतं १,५७,२८,६३९. त्याने एकूण आकडाच सांगून टाकला. कर्नलला वाटलं एक सेक्टर जास्त आहे. ड्राइव्ह लावल्यावर सिस्टिम पार्टिशन वगैरे शोधताना शेवटचा सेक्टरही वाचून बघते. तो मुळात नाहीच! सभ्य ड्राइव्ह अशा वेळी एरर परत देतो, माझा मौनव्रत धरून बसायचा.

अशा लहरी उपकरणांसाठी ड्रायव्हरमध्ये 'अनयुज्वल डेव्हज' नावाची एक यादी आहे. प्रत्येक नोंदीत व्हेंडर नंबर, प्रॉडक्ट नंबर, उपकरणाच्या व्हर्जनची खालची व वरची मर्यादा आणि फ्लॅग. 'फिक्स कॅपॅसिटी' हा फ्लॅग लावला की कर्नल एक सेक्टर कमी धरतो. मी शेजारची नोंद कॉपी केली, नंबर बदलले, कर्नल कंपाइल केला. चालला! रात्रीचे दोन वाजले होते, तरी मी रूममेटला उठवून दाखवलं. (तिची प्रतिक्रिया इथे छापण्यासारखी नाही.)

दुसऱ्या दिवशी ऐटीत पॅच लॅबच्या सरांना दाखवला. एवढीशी नोंद, सर काय बघणार? सरांनी अर्धा तास घेतला.

पहिले मुद्दे किरकोळ. यादी व्हेंडर आणि मग प्रॉडक्ट नंबरच्या क्रमाने ठेवायची असते, मी भलतीकडे घुसवलं होतं. कॉपी केलेल्या नोंदीत सबक्लास आणि प्रोटोकॉल सक्तीने ठरवलेले होते. माझा ड्राइव्ह ते स्वतः बरोबर सांगत असताना सक्ती कशाला? असली अनावश्यक सक्ती दिसली की ड्रायव्हर स्वतःच लॉगमध्ये कुरकुर करतो. मी तो लॉग वाचलाच नव्हता.

मग सरांनी व्हर्जनच्या मर्यादेवर बोट ठेवलं. "०००० ते ९९९९ का?"

"सर, सगळे कव्हर व्हावेत म्हणून."

"सगळे म्हणजे कोण? तू तपासलेत किती?"

एक. माझा. सर म्हणाले, "याच मॉडेलचा दुसरा ड्राइव्ह आण, मग बोलू."

दुसरा होता रूममेटकडे, आम्ही दोघींनी एकाच मॉडेलचे घेतले होते, तिने काही महिन्यांनी. तिने पार्टिशन न करता अख्ख्या ड्राइव्हवर एक्स्ट४ टाकली होती आणि आत तिचा मिनी प्रोजेक्ट. माझ्या नव्या कर्नलवर लावला तर माउंटच होईना. मेसेज असा, की फाइल सिस्टिममधले ब्लॉक उपकरणाच्या आकारापेक्षा जास्त आहेत. तिचा चेहरा पडला, सबमिशन चार दिवसांवर. ती फॉरमॅट करायलाच निघाली होती. मी म्हटलं थांब, आधी जुना कर्नल बूट करू. त्यावर ड्राइव्ह लगेच माउंट झाला, सगळ्या फाइल जागेवर.

काय झालं होतं ते कागदावर मांडलं. एक्स्ट४ चा ब्लॉक ४,०९६ बाइटचा, म्हणजे ८ सेक्टरचा. १,५७,२८,६४० ला ८ ने भागलं की बरोबर १९,६६,०८०. तिचा ड्राइव्ह खरं बोलत होता, तरी माझ्या फ्लॅगने त्यातला एक सेक्टर कापला. पूर्ण ब्लॉक उरले १९,६६,०७९. एक ब्लॉक कमी, म्हणून एक्स्ट४ ने अख्खा ड्राइव्ह नाकारला. गेले ५१२ बाइट, अडले ८ जीबी.

मग दोन्ही ड्राइव्हची माहिती लिस्ट-यूएसबीने काढली. माझ्यात व्हर्जन ०१००, तिच्यात ०११०. कंपनीने मधल्या काळात गुपचूप दुरुस्ती केली असावी. नोंदीतल्या दोन्ही मर्यादा आता ०१०० आहेत.

मी सरांना विचारलं, कंपाइल न करता मॉड्यूलच्या 'क्वर्क्स' पॅरामीटरमधून हाच फ्लॅग लावला तर? (फिक्स कॅपॅसिटीसाठी तिथे 'सी' हे अक्षर आहे.) सर म्हणाले, करून बघ. केलं. त्यात फक्त व्हेंडर आणि प्रॉडक्ट नंबर देता येतात, व्हर्जन देताच येत नाही. रूममेटचा ड्राइव्ह पुन्हा बाद. एकट्या माझ्या मशीनवर चालून जाईल, पण लॅबमध्ये दोघींचे ड्राइव्ह एकाच पोर्टला लागतात. म्हणून तिथे यादीतलीच नोंद हवी.

पॅच अजून सरांच्या टेबलावर आहे. नोंदीच्या वर कारण आणि ई-मेल लिहायचा असतो, तो लिहिलाय. ड्राइव्ह लावलेला असताना कर्नलने दाखवलेली यूएसबी उपकरणांची यादीही सोबत द्यावी लागते. सरांनी दोन्ही ड्राइव्हची मागितली आहे आणि रूममेट म्हणते, सबमिशन होईपर्यंत माझ्या पेन ड्राइव्हला हात लावायचा नाही.