वकिलाची उमेदवारी

सनद मिळाली म्हणजे वकिली आली, असे नाही. महाविद्यालयात विद्यार्थी कलमे व निवाडे अभ्यासतो. परंतु घाबरलेल्या अशिलाकडून खरी हकीकत कशी काढून घ्यावी, उलटतपासणीत कोणता प्रश्न विचारू नये, हे न्यायालयातच कळते.

हे शिक्षण सक्तीचे असावे काय, याविषयीचे धोरण वारंवार बदलले. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात सनदेपूर्वी प्रशिक्षण व परीक्षेची अट होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती वगळण्यात आली. भारतीय विधिज्ञ परिषदेने १९९५ मध्ये नियमांद्वारे एक वर्षाची उमेदवारी पुन्हा आणली. परिषदेस तसा अधिकार नाही, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ते नियम रद्द केले. २०१० च्या नियमांन्वये आलेली अखिल भारतीय परीक्षा मात्र २०२३ मध्ये घटनापीठाने वैध ठरविली. तथापि परीक्षेने ज्ञान तपासले जाते, सराव घडत नाही.

अपुऱ्या तयारीची किंमत अशील मोजतो. मध्य प्रदेशातील एका खटल्यात २०१३ मध्ये आरोपीस वकील नेमून दिला, त्याच दिवशी दोषारोप ठेवण्यात आले आणि पंधरवड्याच्या आत फाशीची शिक्षा झाली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. जन्मठेप वा फाशी संभवणाऱ्या खटल्यांत किमान १० वर्षे वकिली केलेलाच वकील नेमावा व त्यास तयारीसाठी साधारणतः किमान ७ दिवस मिळावेत, असेही न्यायालयाने सांगितले.

मग नवोदिताने शिकावे कोठे? ज्येष्ठाच्या शेजारी बसून: कागद वाचावेत, तारखांची टिपणे करावीत, साक्षी लक्षपूर्वक ऐकाव्यात. दुसऱ्याचे स्वातंत्र्य पणास लावून स्वतःचे शिक्षण करणे, हे वकिलीस शोभत नाही.